हरणारा संघ, परवडणारं मैदान : पिट्सबर्ग पायरेट्सची वाटचाल

उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांच्या इतिहासात एक नकोसा विक्रम पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या नावावर आहे. १९९३ ते २०१२ असे सलग २० हंगाम या संघाने जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. १९९३ साली जन्मलेलं मूल शाळेतून बाहेर पडलं, मतदान करू लागलं, तरी आपल्या संघाची हारजीत समसमान झालेली त्याने पाहिली नव्हती. मात्र याच वीस वर्षांत हे शहर मैदानाकडे पाठ फिरवून बसलं नाही. २००१ साली ॲलेगेनी नदीच्या काठी उभं राहिलेलं पीएनसी पार्क अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या बेसबॉल मैदानांत गणलं जाऊ लागलं आणि साध्या पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्यातली एक संध्याकाळ तिथे घालवणं परवडत राहिलं.

हे कसं जमलं, ते समजायला या खेळाचं वेळापत्रक पाहावं लागतं. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवरचा प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्यांतले ८१ घरच्या मैदानावर होतात. मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज खेळ असतो. इतक्या सामन्यांत अव्वल संघही साठेक वेळा हरतो आणि तळाचा संघही साठेक वेळा जिंकतो. म्हणजे हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकालाही पाचांतल्या दोन संध्याकाळी विजय पाहायला मिळतो. दुसरी गोष्ट हिशेबाची. पीएनसी पार्कमध्ये ३८ हजारांहून अधिक खुर्च्या आहेत. त्या ८१ वेळा भरायच्या तर ३१ लाख तिकिटं खपायला हवीत आणि पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या आज तीन लाखांच्या आसपास आहे. जागा उरणारच. उरलेल्या जागांचे दर खाली येणारच. संघ हरत असेल तर आणखी खाली येणार. पायरेट्सच्या वाटचालीत स्वस्त तिकीट आणि पराभव ही जोडी अशी पुन्हा पुन्हा एकत्र येते. त्यांतलं काय जपायचं आणि काय खपवून घ्यायचं नाही, हा या संस्थेच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

नदीकाठची सुरुवात

संघ मैदानात उतरला १८८२ साली. नदीच्या उत्तरेला ॲलेगेनी नावाचं वेगळं शहर होतं, पुढे १९०७ मध्ये ते पिट्सबर्गात विलीन झालं. संघाला तेव्हा त्याच नावाने ओळखत. १८८७ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये दाखल झाला. १८९० साली खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची लीग काढली आणि पिट्सबर्गचे चांगले खेळाडू तिकडे गेले. त्या हंगामात संघाने २३ सामने जिंकले आणि ११३ गमावले. बंड फसल्यावर खेळाडू जुन्या संघांकडे परतू लागले, तेव्हा फिलाडेल्फियाचा लू बिअरबावर हा खेळाडू पिट्सबर्गने आपल्याकडे वळवला. फिलाडेल्फियाने ही चाचेगिरी असल्याचा आरोप केला आणि पिट्सबर्गने ‘पायरेट्स’, म्हणजे चाचे, हे नाव अभिमानाने स्वीकारलं.

संस्थेला घडी बसवून दिली ती बार्नी ड्रायफस यांनी. जर्मनीतून आलेले हे गृहस्थ केंटकीतल्या लुइव्हिल संघाचे मालक होते. १९०० साली तो संघ बंद होताना त्यांनी होनस वॅग्नरसह आपले उत्तम खेळाडू पिट्सबर्गला आणले. वॅग्नर याच परिसरातल्या कोळसा खाणीच्या वस्तीतला. बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर खेळाडूंत त्याचं नाव आजही घेतलं जातं. १९०३ मध्ये दोन प्रतिस्पर्धी लीगच्या विजेत्यांनी आपसांत मालिका खेळावी, असा पुढाकार ड्रायफस यांनी घेतला. पहिली वर्ल्ड सिरीज ती हीच. पायरेट्स ती बोस्टनकडून ५-३ अशी हरले. ड्रायफस यांनी मालक म्हणून मिळालेला आपला वाटाही खेळाडूंत वाटून टाकला, त्यामुळे हरलेल्या संघाच्या खेळाडूंच्या हाती जिंकलेल्यांपेक्षा जास्त पैसे पडले.

फोर्ब्स फील्ड

३० जून १९०९ रोजी ओकलंड भागात फोर्ब्स फील्ड सुरू झालं. लाकडी मैदानांना आगी लागण्याच्या त्या काळात पोलाद आणि काँक्रीटचं हे मैदान नव्या जमान्याचं होतं. त्याच वर्षी पायरेट्सनी डेट्रॉइटला हरवून पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. दुसरी १९२५ मध्ये आली. ५ ऑगस्ट १९२१ रोजी केडीकेए या पिट्सबर्गच्या केंद्राने इथला सामना रेडिओवरून ऐकवला. मेजर लीगच्या सामन्याचं ते पहिलं प्रक्षेपण. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत त्यालाही खेळ ऐकता येण्याची सोय इथून सुरू झाली.

याच शहरात बेसबॉलची दुसरी मोठी परंपराही नांदत होती. गोऱ्यांच्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, त्या काळात होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हे निग्रो लीगमधले बलाढ्य संघ इथले. जोश गिब्सनसारखा फलंदाज दोन्ही संघांकडून खेळला आणि मेजर लीगचं दार उघडण्याआधीच, १९४७ च्या जानेवारीत वारला. पिट्सबर्गच्या बेसबॉलप्रेमाचा विचार या संघांशिवाय अपुरा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पायरेट्सची घसरण झाली. १९४६ ते १९५२ अशी सलग सात वर्षं राल्फ काइनर हा नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक होमरन, म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणारे फटके, मारणाऱ्यांत पहिला किंवा बरोबरीने पहिला होता. संघ हरत होता, पण काइनरसाठी लोक येत. त्याची शेवटची फलंदाजी झाली की खुर्च्या रिकाम्या होऊ लागत. १९५२ मध्ये संघाने ४२ सामने जिंकले आणि ११२ गमावले. तेव्हा कारभार ब्रँच रिकी यांच्याकडे होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला ब्रुकलिनच्या संघात आणून वर्णभेदाची भिंत पाडणारे ते हेच. पिट्सबर्गात रिकी यांनी तरुण खेळाडूंवर भर दिला. १९५४ च्या अखेरीस ब्रुकलिनच्या राखीव फळीत अडकलेला प्वेर्तो रिकोचा एक वीस वर्षांचा मुलगा त्यांनी निवडला. त्याचं नाव रोबेर्तो क्लेमेंटे.

रिकी गेल्यावर त्या पेरणीचं पीक आलं. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये समोर न्यूयॉर्क यांकीज होते. सात सामन्यांत मिळून यांकीजच्या धावा ५५, पायरेट्सच्या २७. पण १३ ऑक्टोबरला सातव्या सामन्याच्या नवव्या डावात बिल मॅझेरोस्कीने चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे भिरकावला आणि पायरेट्स १०-९ असे जिंकले. जवळच्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या उंच इमारतीवरून विद्यार्थी फुकट सामना पाहत होते. त्यांच्या जल्लोषाचं छायाचित्र पुढे जगभर गाजलं. फोर्ब्स फील्ड पाडलं गेलं, पण भिंतीचा एक भाग अजून ओकलंडमध्ये उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला चाहते तिथे जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून लावून एकत्र ऐकतात. त्याला तिकीट नाही.

क्लेमेंटे आणि स्टारजेल

१९७० च्या जुलैमध्ये संघ थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये गेला. फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी बांधलेलं हे गोल, प्रचंड, कृत्रिम गवताचं मैदान देखणं नव्हतं, पण तिथे पायरेट्सची सर्वांत वैभवाची वर्षं गेली. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सनी मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकी होते. मेजर लीगमध्ये हे पहिल्यांदा घडलं. त्याच वर्षी बाल्टिमोरला हरवून त्यांनी चौथी वर्ल्ड सिरीज जिंकली.

क्लेमेंटेने ३० सप्टेंबर १९७२ रोजी आपला तीन हजारावा हिट मारला. तो त्याच्या नियमित हंगामातला शेवटचा ठरला. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली होती. मदतीचं सामान गरजूंच्या हाती पोचतंय की नाही, याची खात्री करायला तो स्वतः विमानाने निघाला आणि ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान समुद्रात कोसळलं. पिट्सबर्गमध्ये त्याचं स्थान खेळाडूच्या पलीकडचं आहे. संघ कितीही हरला तरी २१ क्रमांकाचा सदरा घालून लोक मैदानात येतात, ते या माणसाच्या आठवणीने.

१९७९ मध्ये विली स्टारजेलच्या संघाने मालिकेत ३-१ ने मागे पडूनही बाल्टिमोरला पुन्हा हरवलं. पायरेट्सनी जिंकलेल्या पाचही वर्ल्ड सिरीज सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत गेल्या. सहावी अजून आलेली नाही.

त्याच सुमारास पिट्सबर्गच्या पोलाद गिरण्या बंद पडू लागल्या. १९५० साली पावणेसात लाख वस्तीचं शहर झपाट्याने रिकामं होत होतं. १९८५ मध्ये संघ १०४ सामने हरला, खेळाडूंच्या अमली पदार्थांच्या व्यसनाची प्रकरणं पिट्सबर्गच्याच न्यायालयात गाजली आणि हंगामभरात आठ लाख प्रेक्षकही आले नाहीत. मालक संघ विकायला निघाले होते. तो दुसऱ्या शहरात जाणार हे दिसत असताना महापौर रिचर्ड कॅलिग्विरी यांनी स्थानिक कंपन्या आणि महापालिका यांचा समूह उभा करून संघ विकत घेतला. मंदीने खचलेल्या शहराने हरणारा संघ राखला, ही या वाटचालीतली सर्वांत मोलाची नोंद मला वाटते.

वीस वर्षांची उतरण

जिम लेलंड यांच्या मार्गदर्शनाखाली संघ सावरला. १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षं तो आपल्या गटात पहिला आला. १४ ऑक्टोबर १९९२ रोजी अटलांटात नॅशनल लीगच्या विजेतेपदाचा निर्णायक सातवा सामना होता. नवव्या डावात पायरेट्स २-० ने पुढे होते. फ्रान्सिस्को काब्रेरा या राखीव खेळाडूने चेंडू डावीकडे मारला, बॅरी बाँड्सची फेक किंचित बाजूला आली आणि एकेकाळी पायरेट्सकडूनच खेळलेला सिड ब्रीम घसरत होम प्लेटला पोचून विजयी धाव करून गेला. सामना ३-२ ने गेला. हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि उतरण सुरू झाली.

कारण नशिबापेक्षा पैशाचं होतं. बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांतल्या संघांना स्थानिक दूरचित्रवाणीतून मिळणारं उत्पन्न पिट्सबर्गला कधीच मिळणार नव्हतं. चांगला खेळाडू घडवायचा, तो महाग झाला की गमवायचा, हे चक्र झालं. तरी या अंधारातही उजळ रात्री होत्या. १९९७ मध्ये संपूर्ण संघाचा पगार एक कोटी डॉलरच्या आत होता आणि तो संघ गटात दुसरा आला. १२ जुलै १९९७ रोजी फ्रान्सिस्को कोर्डोव्हा आणि रिकार्डो रिंकोन या दोन मेक्सिकन पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) दहा डावांत ह्यूस्टनला एकही हिट मारू दिला नाही आणि मार्क स्मिथच्या होमरनने सामना जिंकला. हंगाम समसमानाच्या खालीच संपला, पण ती रात्र पाहिलेले लोक ती अजून सांगतात.

लोकांच्या पैशाचं मैदान

१९९६ मध्ये केव्हिन मॅक्लाची यांनी संघ घेतला तेव्हा नवं मैदान हवं, ही अट पुढे आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या ११ काउंटींत अर्धा टक्का विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव मतदानाला टाकला गेला आणि मतदारांनी तो फेटाळला. मग दुसरी योजना आली. ॲलेगेनी काउंटीत १९९४ पासून एक टक्का जादा विक्रीकर घेतला जात होता. त्यातून ग्रंथालयं, उद्यानं, संग्रहालयं चालत. त्या निधीतला भाग आणि राज्याचा पैसा मैदानांकडे वळवण्यात आला. पीएनसी पार्क सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलर खर्चून उभं राहिलं. नाव बँकेचं असलं तरी मालकी सार्वजनिक प्राधिकरणाची आहे. तिकीट परवडणारं हवं, ही मागणी म्हणूनच मेहेरबानीची नाही. हे मैदान ज्यांच्या करातून झालं, त्यांना त्यात बसता आलं पाहिजे.

९ एप्रिल २००१ रोजी पहिला अधिकृत सामना झाला. त्याच दिवशी पहाटे विली स्टारजेलचं निधन झालं. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं. लोकांनी त्या पुतळ्यापाशी फुलं ठेवली आणि आत गेले. सामना सिनसिनाटीने ८-२ असा जिंकला. त्या हंगामात पायरेट्स १०० सामने हरले.

मैदान मात्र पहिल्या दिवसापासून जिंकलं. दोनच मजले, त्यामुळे सर्वांत उंचावरची खुर्चीही खेळापासून दूर नाही. उजवीकडची भिंत क्लेमेंटेच्या क्रमांकासाठी २१ फूट उंच केलेली. पिवळसर चुनखडीचे दगड, पलीकडे नदी, नदीवर पिवळा पूल आणि त्यामागे शहराच्या उंच इमारती. त्या पुलाला १९९८ मध्ये क्लेमेंटेचं नाव दिलं गेलं. सामन्याच्या वेळी तो गाड्यांना बंद असतो आणि हजारो लोक चालत मैदानाकडे येतात.

एका संध्याकाळचा खर्च

पायरेट्सच्या पडत्या वर्षांत आठवड्याच्या मधल्या दिवशी वरच्या मजल्यावरचं तिकीट दहा-वीस डॉलरांत मिळत असे. अमेरिकेत सिनेमाच्या तिकिटाला आणि पॉपकॉर्नला मिळून जवळपास तेवढेच पडतात. आणि या मैदानात वरची जागा हीच सर्वांत सुंदर, कारण नदी, पूल आणि शहर तिथूनच पूर्ण दिसतं. फुटबॉलच्या सामन्याला किंवा आइस हॉकीला याच शहरात चौघांचं कुटुंब न्यायचं तर महिन्याच्या किराण्याचा विचार करावा लागतो.

इतर खर्चही आटोक्यात राहतो. शहराच्या मध्यभागी गाडी ठेवून पुलावरून चालत येता येतं. मार्च २०१२ मध्ये नदीखालच्या बोगद्यातून लाइट रेल्वे उत्तर काठावर आली. मध्यवर्ती भागापासून मैदानापर्यंत तिला तिकीटच लागत नाही. पीएनसी पार्कमध्ये वर्षानुवर्षं बाहेरचं खाणं आणि पाण्याची बंद बाटली आत नेऊ देतात, ही सवलत प्रत्येक स्टेडियममध्ये मिळत नाही. पोळी-भाजीचा डबा घेऊन मराठी कुटुंबाने तिथे खुशाल बसावं. कधी एका डॉलरला हॉट डॉगची रात्र, कधी आल्या प्रेक्षकाला टी-शर्ट किंवा खेळाडूची डोलणाऱ्या मानेची बाहुली, कधी सामना संपल्यावर नदीवर आतषबाजी. पोरं त्यासाठी नऊ डाव थांबतात आणि थांबता थांबता खेळ शिकतात.

पाचव्या डावानंतरची पिएरोगींची शर्यत तर या मैदानाची ओळख झाली. पिएरोगी म्हणजे बटाटा, चीज, कोबी भरून उकडलेल्या करंज्या. पोलाद गिरण्यांत कामाला आलेल्या पूर्व युरोपीय मजुरांनी हा पदार्थ इथे आणला. चीज चेस्टर, ऑलिव्हर अनियन, हॅलपेन्यो हॅना अशा नावांच्या या पोशाखी करंज्या धावपट्टीवरून पळतात आणि सामना सहा धावांनी मागे असला तरी लोक उभे राहून ओरडतात. मैदानाच्या मागच्या बाजूला १९७१ आणि १९७९ च्या विजयी संघांतला कॅचर मॅनी सँगियेन याच्या नावाचा बार्बेक्यूचा ठेला आहे. कित्येक वर्षं तो स्वतः तिथे खुर्ची टाकून बसे, लोकांशी गप्पा मारी आणि सह्या देई. वर्ल्ड सिरीज जिंकलेला माणूस असा हाताच्या अंतरावर भेटणं, हे कुठल्याही तिकीटदरात मावणारं नाही.

हरणाऱ्या संघाचा सामना पाहण्यात खेळाची म्हणून वेगळी गोडी आहे. निकालाचा ताण कमी असतो, त्यामुळे डोळे बारकाव्यांकडे जातात. पिचरने चेंडू कुठे टाकला, धावपटूने बेस सोडायला किती पावलं घेतली, क्षेत्ररक्षक एका फलंदाजासाठी कुठे सरकले, हे सावकाश दिसू लागतं. शेजारी एखादे आजोबा गुणपत्रकावर पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत बसलेले असतात आणि विचारलं की आनंदाने समजावून सांगतात. संघात नवे चेहरे असतात, त्यांतला कोण उद्या मोठा होईल, हे आपण इतरांआधी पाहत असतो. १९५५ मध्ये तळाला असलेल्या पायरेट्सचे सामने ज्यांनी पाहिले, त्यांनी क्लेमेंटेचा पहिला हंगाम पाहिला.

मुंबईमार्गे आलेले दोघे

याच पडत्या काळात पायरेट्सचा भारताशी संबंध आला. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा भारतात झाली. वेगाने आणि अचूक चेंडू फेकणारी मुलं शोधायची होती. अंतिम फेरी मुंबईत झाली. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू त्यातून निवडले गेले. बेसबॉल त्यांनी त्याआधी खेळलाच नव्हता. काही महिने अमेरिकेत शिकून नोव्हेंबर २००८ मध्ये दोघांनी पायरेट्सशी करार केला. मेजर लीगमधल्या संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. जुलै २००९ मध्ये दोघेही पायरेट्सच्या फ्लोरिडातल्या शिकाऊ संघातून सामन्यात उतरले. पिट्सबर्गच्या मुख्य संघापर्यंत दोघांपैकी कोणी पोचलं नाही. दिनेश भारतात परतला, रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. पण ज्या संघाकडे महागडे खेळाडू घ्यायला पैसा नव्हता, त्यानेच नवख्या देशातल्या मुलांना संधी दिली, याची नोंद भारतीय वाचकाने ठेवायला हवी.

२०१३ चा उन्हाळा

२०१२ मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला संघ जोरात होता आणि तरीही शेवटी ७९-८३ वर घसरला. विसावा पराभूत हंगाम. पुढच्या वर्षी ९ सप्टेंबर २०१३ रोजी टेक्सासला १-० ने हरवून ८२ वा विजय मिळाला आणि साखळी तुटली. अँड्र्यू मॅककचन त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी पिट्सबर्गमध्ये २१ वर्षांनंतर बाद फेरीचा सामना झाला. चाळीस हजारांहून जास्त लोक काळे कपडे घालून आले होते. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याच्या नावाचा लयीत पुकारा सुरू झाला. त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. सामना ६-२ ने जिंकला. त्या गर्दीत ते लोक होते, ज्यांनी वीस वर्षं स्वस्त तिकीट काढून हरणारे सामने पाहिले होते, मुलांना पुलावरून चालत आणलं होतं. रिकाम्या मैदानात केलेला सराव त्या रात्रीच्या आवाजात होता. २०१५ मध्ये संघाने ९८ सामने जिंकले आणि सुमारे २५ लाख प्रेक्षक आले. हा इथला विक्रम आहे.

पुन्हा उतरण, आणि राग

जानेवारी २०१८ मध्ये मॅककचनला सॅन फ्रान्सिस्कोला देण्यात आलं. २०२१ आणि २०२२ मध्ये संघ शंभर किंवा अधिक सामने हरला. २०२४ च्या मे महिन्यात पॉल स्कीन्स हा तरुण पिचर आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये त्याला पिचरांसाठीचा सर्वोच्च साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. त्याने नऊ डावांमागे सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या. तरी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव लागले, कारण संघाला त्याच्यासाठी धावा करता आल्या नाहीत. हंगाम ७१-९१ असा संपला.

चाहते गप्प बसलेले नाहीत. ३० जून २००७ रोजी हजारभर प्रेक्षक निषेध म्हणून तिसऱ्या डावानंतर जागा सोडून निघाले होते. २०१० मध्ये संघाचे ताळेबंद वृत्तपत्रांच्या हाती लागले. २००७ आणि २००८ या दोन हरलेल्या हंगामांत मिळून संघाने सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर नफा कमावला होता. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातून लहान शहरांच्या संघांना वाटा मिळतो, तो खेळाडूंवर खर्च व्हावा, ही चाहत्यांची मागणी तेव्हापासून अधिक टोकदार झाली. एप्रिल २०२५ मध्ये घरच्या पहिल्या सामन्यात मालक बॉब नटिंग यांनी संघ विकावा, अशा घोषणा झाल्या. त्याच महिन्यात उजव्या भिंतीवरचा क्लेमेंटेचा २१ आकडा काढून तिथे जाहिरात लावल्याचं लोकांच्या लक्षात आलं. संताप इतका झाला की संघाच्या अध्यक्षांनी चूक मान्य केली आणि आकडा परत लावला.

हिशेब

पायरेट्सच्या वाटचालीतून मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. परवडणारं तिकीट ही चांगल्या संस्थेची खूण आहे, पराभवाची भरपाई नव्हे. सुंदर मैदान, आतषबाजी आणि बाहुल्या दिल्या की लोक येतातच, तर खेळाडूंवर कशाला खर्च करा, असा विचार मालकांनी केला तर तो त्या शहराचा अपमान आहे. त्याचप्रमाणे २०१३ सारखा संघ पुन्हा उभा राहिला म्हणून वरच्या मजल्यावरच्या साध्या माणसाला तिकीट महाग करून बाहेर काढलं, तर तोही तितकाच मोठा अन्याय होईल. ज्यांनी १९८५ मध्ये संघ शहरात राखला आणि करातून मैदान बांधून दिलं, त्यांचा दोन्हींवर हक्क आहे. स्वस्त जागेवर, आणि त्या जागेवरून पाहण्याजोग्या संघावरही.

चाहत्यांनी घोषणा देत राहावं आणि मैदानातही येत राहावं. संघ मालकाचा असला तरी परंपरा येणाऱ्यांची असते. शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने पिट्सबर्गला कित्येक मराठी घरं आहेत, उन्हाळ्यात आईवडील मुलांकडे महिनोन्‌महिने राहायला जातात. त्यांना सांगणं एवढंच : एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी वरच्या मजल्याचं तिकीट काढा, डबा घ्या, क्लेमेंटे पुलावरून चालत जा आणि नऊही डाव पाहून या. संघ हरला तरी संध्याकाळ वाया जाणार नाही.